व्यवहारांतील निष्ठुरता आणि गोष्टींतील निष्ठुरता

दुसऱ्याला दुःख देणाऱ्या वृत्तीला मराठी भाषेंत नांवें पुष्कळ आहेत. क्रौर्य, निर्दयता, निष्ठुरता, जुलूम, छळ, जाच हे शब्द बोलतांना एकमेकांच्या जागीं सहज वापरले जातात. परंतु त्यांचा अर्थ अगदीं एक नाहीं. क्रौर्याच्या पाठीमागें बहुधा क्रोध, द्वेष किंवा भय असतें, आणि हे विकार ओसरले म्हणजे क्रूर माणसालाहि कधीं कधीं पश्चात्ताप होतो. निष्ठुरतेला मात्र रागाची गरज लागत नाहीं. ती शांतपणें चालते, तिचा जमाखर्च वहींत मांडतां येतो, ती बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानें जाते, आणि एकदां तिला ‘रीत’ हें साधें नांव मिळालें म्हणजे ती कोणाच्याहि डोळ्यांत खुपत नाहीं.

गोष्टींतला दुष्ट माणूस ओळखणें फार सोपें असतें. कीर्तनांतला कंस, तमाशांतला सावकार, नाटकांतला खलपुरुष हे रंगभूमीवर पाऊल टाकतांच लहान मूलहि त्यांना ओळखतें. दीनबंधु मित्र यांचें ‘नीलदर्पण’ हें बंगाली नाटक १८६० सालीं प्रसिद्ध झालें. निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांनीं रयतेवर केलेले जुलूम त्यांत दाखविले होते. त्याच्या इंग्रजी भाषांतराचें प्रकाशन केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ सालीं एक महिन्याची कैद व १,००० रुपये दंड झाला. या नाटकाच्या प्रयोगांत मळेवाल्याचें काम करणाऱ्या नटावर पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं रागाच्या भरांत पायांतली वहाण फेंकली, अशी आख्यायिका बंगालमध्यें सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांतला अनुभव सर्वांच्या ओळखीचा आहे. रंगभूमीवरील दुष्टाविषयीं संताप चटकन येतो. नाट्यगृहाबाहेर गाडी घेऊन तिष्ठत बसलेल्या उपाशी गाडीवानाविषयीं मात्र तितक्या त्वरेनें कांहींच येत नाहीं.

चांगल्या ग्रंथकारांनीं हा भेद जाणला होता. अमेरिकेंतील गुलामगिरीवर हॅरिएट बीचर स्टो या बाईंनीं लिहिलेली ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ सालीं ग्रंथरूपानें निघाली. तिच्यांतला सायमन लेग्री हा चाबूकवाला धनी जगभर कुप्रसिद्ध झाला. परंतु टॉमच्या दुर्दशेचा आरंभ लेग्रीपासून होत नाहीं. टॉमचा पहिला धनी शेल्बी हा सभ्य, मृदुभाषी आणि आपल्या गुलामांना बऱ्यापैकीं वागविणारा गृहस्थ आहे. त्याच्यावर कर्ज होतें. तें फेडण्यासाठीं त्यानें टॉमला विकलें. विकतांना त्याला राग नव्हता, वाईटहि वाटत होतें. पण कागदावर सही झाली. वाचकांच्या लक्षांत लेग्री राहिला आणि शेल्बी विसरला गेला.

महाराष्ट्रांत घरांतील निष्ठुरतेचें चित्र कादंबरीनें फार लवकर रंगविलें. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कथा १८५७ सालची. हिंदु विधवांची स्थिति हाच तिचा विषय होता. पुढें हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र सुरू केलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. यमूची ही कहाणी तिच्याच तोंडून सांगितलेली आहे. तिच्यांत कोणी राक्षस नाहींत. देवपूजा करणारे, सोवळें पाळणारे, चारचौघांत मान असलेले पुरुष आहेत, आणि त्यांच्या हुकमांत वावरणाऱ्या बायका आहेत. शंकरमामंजींच्या घरांत वैधव्य आलेल्या यमूचें केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होतें. पण त्या घराच्या दृष्टीनें तो गुन्हा नसतो, तें शास्त्र असतें. ही कादंबरी वाचणाऱ्या पुण्यामुंबईच्या कुटुंबांना दूर कोठें पाहावें लागत नव्हतें. माजघरांत तांबडें आलवण नेसून बसलेली एखादी आत्या किंवा काकू प्रत्येक मोठ्या घरांत होतीच. कादंबरीनें नवें कांहीं सांगितलें नाहीं. रोज दिसणारें दृश्य एका मुलीच्या डोळ्यांनीं पाहावयास लावलें, एवढेंच.

त्याच १८९० सालीं मुंबईंत एक लहानशी पण मोठ्या अर्थाची घटना घडली. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याच्या प्रेरणेनें न्हावी मंडळींनीं सभा भरविली आणि विधवांचें वपन आपण करणार नाहीं असें ठरविलें. केशवपनाचा निर्णय घरांतील वडील मंडळी घेत, त्याला आधार शास्त्री देत. पण वस्तरा न्हाव्याच्या हातांत असे. निष्ठुरतेला नेहमीं कोणाचा तरी हात लागतो, आणि तो हात बहुधा गरिबाचा असतो. तो हात आखडला तर निर्णय कितीहि मोठ्यांचा असला तरी अडतो, ही गोष्ट त्या न्हाव्यांना उमगली होती. पुढच्या वर्षीं, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा होऊन तें वय दहाचें बारा झालें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. कादंबरी, कायदा, संस्था आणि न्हाव्यांचा नकार हीं सर्व सहासात वर्षांच्या आंतबाहेर घडलेलीं आहेत.

परंतु कादंबरीचा वाचक ज्या वाटेनें जात नसे, त्या वाटेवरची निष्ठुरता कादंबरींत येत नव्हती. अशी एक वाट मुंबईपासून दीडशे किलोमीटरांच्या आंत होती. पश्चिमेचा समुद्रकांठ सोडून सह्याद्रीकडे चढूं लागलें म्हणजे जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख लागतो. जव्हार हें मुकणे घराण्याचें महादेव कोळी संस्थान. जयबा मुकणे हा त्याचा मूळपुरुष. चौदाव्या शतकापासून १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत तें टिकलें. सुमारें ३१० चौरस मैलांचें तें राज्य, आणि १९०१ सालच्या शिरगणतींत त्याची वस्ती सुमारें ४७ हजार होती. जामसर हें याच जव्हार तालुक्यांतलें एक गांव. पूर्वीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथले मूळचे रहिवासी. उतारावर राब भाजून नागली व वरई पिकवावी, खाचरांत थोडा भात लावावा आणि उरलेलें वर्ष रानावर काढावें, हा त्यांचा जीवनक्रम.

या मुलखांत पाऊस उदंड, पण पावसाळा हाच उपासाचा काळ. आषाढ-श्रावणांत कणगी रिकामी होते आणि नवें पीक अजून शेतांत हिरवें असतें. त्या दोन महिन्यांत सावकाराकडून धान्य उसनें आणावें लागे. याला खावटी म्हणत. सुगीच्या वेळीं तें धान्य दीडपट-दुप्पट होऊन परत जाई, म्हणून पुढच्या पावसाळ्यांत कणगी आणखी लवकर रिकामी होई. एकोणिसाव्या शतकांत सारा रोख पैशांत भरावा लागूं लागला. १८७८ सालीं जंगलाचा कायदा झाला आणि त्याच सालीं मुंबई इलाख्यांत अबकारीचाहि कायदा झाला. रानांतलें लांकूड, मोहाचीं फुलें, घरची दारू या ज्या गोष्टी फुकट होत्या, त्यांना पैसा पडूं लागला. पैसा सावकाराजवळ होता. हळूहळू ठाणें जिल्ह्याच्या जंगलपट्टींतील जमिनी बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांच्या नांवावर चढल्या, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं रान तोडून शेत केलें होतें, ते त्याच शेतांत कूळ झाले.

कूळ म्हणजे नुसता खंड देणारा शेतकरी नव्हे. जमीनदार बोलावील तेव्हां त्याच्या शेतावर, त्याच्या गवतावर, त्याच्या घरीं राबावयाचें, ही त्याच्यावरची वेठ. हा शब्द फार पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘विष्टि’ आहे. वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाला विष्टींतून सूट दिल्याचा उल्लेख येतो. फारसींतून ‘बेगार’ आला आणि दोन्ही मिळून ‘वेठबेगार’ झाली. दीड-दोन हजार वर्षें एकच गोष्ट चालत आली, तरी मराठी भाषेनें तिच्यापासून काय उचललें पाहा. एखाद्यानें मन न लावतां कसेंबसें काम उरकलें तर ‘वेठ मारली’ म्हणतात. ज्याला मोबदला नाहीं त्यानें मन लावून कां राबावें, हा प्रश्न त्या वाक्प्रचारांत नाहीं. दोष राबणाऱ्याचा धरलेला आहे. निष्ठुरता किती खोल मुरते हें कायद्याच्या पुस्तकापेक्षां रोजच्या बोलण्यांत अधिक स्पष्ट दिसतें.

वेठीहून कठीण असा एक प्रकार होता. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. वारल्यांचें लग्न म्हणजे सबंध पाड्याचा सोहळा. धवलेरी बाई गाणीं म्हणून लग्न लावते. जातभाईंना जेवण व दारू द्यावी लागते. मुलीच्या घरीं देज द्यावें लागतें. खर्च जमेपर्यंत जोडपीं तशींच संसार करीत आणि कित्येकदां स्वतःचीं मुलें अंगणांत खेळत असतांना त्यांचें लग्न लागे. तो खर्च भागविण्यासाठीं तरुण मुलगा जमीनदाराकडून शेंभर-दोनशे रुपयांच्या आंतबाहेर कर्ज घेई आणि तें फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबण्याचें कबूल करी. मजुरी इतकी थोडी धरली जाई कीं कर्ज फिटत नसे. त्याची बायको धन्याच्या घरचें शेणगोठा करी, मुलें गुरें राखीत. ज्या लग्नासाठीं तो बांधला गेला, त्या लग्नाचा संसार दुसऱ्याच्या दारांत होई.

१९३७ सालीं मुंबई प्रांतांत खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्या सुमारास सिमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें प्रांतांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली, आणि त्याचा अहवाल १९३९ सालीं छापला गेला. सरकारी अहवालाची भाषा थंड असते. म्हणूनच त्यांतील मजकूर अंगावर येतो. जमीनदाराला लागतील तितके दिवस कुळाला वेठीला जावें लागतें; नकार दिला किंवा उशीर केला तर मार बसतो, आणि तो बहुधा जमीनदाराचा गांवांतला कारभारी देतो; खांबाला बांधून फटके मारल्याचीं उदाहरणें विश्वसनीय माणसांनीं सांगितलीं; दिवसाची मजुरी फार तर एक आणा, पुष्कळदां तीहि नाहीं, एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ. येथेंहि मारणारा हात धन्याचा नसे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. धनी ओसरीवर बसून हिशेब पाही. त्यांतले कित्येक एकादशी पाळीत, मुलांना शाळेंत धाडीत, पाहुण्याला जेवूं घालीत. ते निर्दय आहेत असें त्यांच्या घरांतल्या कोणाला वाटत नसे, आणि त्यांना स्वतःला तर मुळींच नाहीं.

अहवाल दफ्तरांत गेला. संस्थानच्या हद्दींत तर ही चौकशी नव्हतीच. खरा बदल झाला तो १९४५ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगांव-डहाणूकडचे कांहीं वारली गेले होते. परत आल्यावर त्यांनीं शामराव व गोदावरी परुळेकर यांना आपल्या मुलखांत बोलाविलें. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यांतल्या, कायद्याच्या पदवीधर. पूर्वीं भारतसेवक समाजाच्या आजीव सभासद होत्या. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची मोठी परिषद झाली. तींत झालेले निश्चय साधे होते. वेठीला जावयाचें नाहीं. दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतावर काम करावयाचें नाहीं. लग्नगडी म्हणून कोणी राहावयाचें नाहीं. एक आणा कोठें आणि बारा आणे कोठें!

पुढच्या कांहीं आठवड्यांत वारली जमावानें गांवोगांव फिरून लग्नगड्यांना मोकळें करीत गेले. पिढ्यान्‌पिढ्या न फिटलेलें कर्ज ऋणकोनें ‘आतां पुरे’ म्हटल्याबरोबर संपलें. मुंबईच्या न्हाव्यांनीं १८९० सालीं केलें तेंच येथें पंचावन्न वर्षांनीं हजारों हातांनीं केलें. त्याची किंमतहि द्यावी लागली. त्याच सालीं पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठीं संप झाला. मागणी होती पांचशे पौंड गवताला अडीच रुपयांची. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड व त्यांचे चार साथी असे पांच जण ठार झाले.

एवढ्या मोठ्या उलथापालथीची कहाणी मराठी वाचकाच्या घरीं केव्हां पोंचली? गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें, आणि १९७२ सालीं त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तें पुस्तक कादंबरी नव्हे; तरी कादंबरीसारखें वाचलें गेलें, आणि कित्येक शहरी कुटुंबांना लग्नगडी हा शब्द प्रथम त्यांतच भेटला. म्हणजे घटना आणि वाचक यांमध्यें पंचवीस वर्षें गेलीं. आपट्यांची यमू ज्या वर्षीं दुःख भोगीत होती त्याच वर्षीं वाचली जात होती, कारण ती वाचकाच्या माजघरांत होती. वारल्याचें घर वाचकाच्या माजघरापासून दूर होतें. मात्र त्याचें गवत दूर नव्हतें. जंगलपट्टींतलें गवत आणि लांकूड मुंबईला जाई. तेथल्या तबेल्यांतलीं जनावरें आणि घरांतल्या चुली त्यांवर चालत. वस्तु शहरांत येई, तिच्याबरोबर आलेली निष्ठुरता रेल्वेच्या फलाटावरच राही.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. निष्ठुरता ही कांहीं धनवंतांचीच मिरास नाहीं. ज्या पाड्यावर जमीनदाराचा मार बसे, त्याच पाड्यावर एखादें मूल दगावलें कीं कोणा एकाकी म्हातारीला ‘भुताळी’ ठरवून मारहाण होई. ज्याच्यावर जुलूम होतो तो आपोआप दयाळू होतोच असें नाहीं. त्या म्हातारीला मारणाऱ्यांनाहि आपण पाड्याचें रक्षण करीत आहों असेंच वाटे. त्यांच्यापाशींहि रीत होती. १८९० सालचा पुणेरी वाडा, १९३९ सालची जमीनदाराची ओसरी आणि रानांतला पाडा यांत अंतर कितीहि असो, ‘हें असेंच करावयाचें असतें’ हें वाक्य तिन्हीं ठिकाणीं सारखेंच ऐकूं येतें.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९४८ सालीं कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, १९७६ सालीं वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा सबंध देशाला लागू झाला, २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र झालें. या गोष्टी थोड्या नाहींत. त्या होण्यासाठीं माणसें मेलीं आहेत. परंतु १९९२-९३ सालीं याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां पावसाळ्यांतली रिकामी कणगी अजून भरलेली नाहीं हें सर्व महाराष्ट्राला कळलें. दिवाळी झाली कीं येथलीं कुटुंबें आजहि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वीं मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माती मळावयाची आणि विटा थापावयाच्या. २०२१ सालीं मोखाडा तालुक्यांत पोलिसांनीं वेठबिगारीच्या कायद्याखालीं एक गुन्हा नोंदविला. मरण पावलेल्या मुलाच्या कफनासाठीं एका बापानें पांचशे रुपये उसने घेतले आणि त्यांपायीं त्याला राबविलें गेलें, अशी ती तक्रार होती. तक्रार नोंदविली गेली तेव्हां तो बापहि या जगांत नव्हता. पूर्वीं लग्नासाठीं माणूस बांधला जाई, येथें प्रेतवस्त्रासाठीं.

या तक्रारीला कादंबरीकार मिळाला तर तो बहुधा त्यांत एक क्रूर धनी रंगवील, मिशांना पीळ देणारा, कोरडा ओढणारा. वाचकाचें रक्त तापेल आणि पुस्तक मिटल्यावर निवेल. पण पांचशे रुपयांची नोंद करणाऱ्याच्या हातांत कोरडा असावा लागत नाहीं; वही आणि लेखणी पुरते. म्हणून गोष्टींतला दुष्ट ओळखणाऱ्या सुशिक्षित कुटुंबानें अधूनमधून आपल्या घरची वहीहि उघडून पाहावी. भांडीं घासणाऱ्या बाईचे आजारपणाचे चार दिवस कोणत्या दरानें कापले, तिच्या मुलीच्या लग्नाला दिलेली उचल कशी वळती करून घेतली, तिच्यासाठीं कप वेगळा कां ठेवला, या सर्व नोंदी तेथें रागावांचून, स्वच्छ अक्षरांत सांपडतील. आणि तें कां, असें कोणी विचारलें, तर घरांतलें मोठें माणूस शांतपणें सांगेल कीं, पूर्वींपासून आमच्याकडे असेंच आहे.